ब्रिजमधील डावाची आखणी

ब्रिजमधील डावाची आखणी : ब्रिज या पत्त्यांच्या खेळात बोली जिंकणाऱ्या खेळाडूने, समोरच्या भिडूची पाने उघडी झाल्यानंतर परंतु त्यांपैकी पहिले पान खेळण्यापूर्वी, संपूर्ण डावासाठी मनात केलेली योजना. अशा खेळाडूस ‘डिक्लेअरर’ आणि त्याच्या उघड्या पानांच्या भिडूस ‘डमी’ म्हणतात. पत्त्यांच्या बहुतेक खेळांत खेळाडू एकेका पानाचा विचार करतो. ब्रिजमध्ये मात्र तेरा दस्तांचा विचार पहिल्या दस्ताच्या वेळीच करावा लागतो. कारण पहिल्या दस्तात केलेली चूक पुढील बारा दस्तांत बहुधा भरून निघत नाही. विचाराची ही शिस्त खेळाच्या प्रारंभापासून नव्हती. खेळाच्या नियमांत सु. दीडशे वर्षांत जे तीन मोठे बदल झाले, त्यांतून ती क्रमाक्रमाने घडत गेली. समोरचा हात उघडा होणे, हुकमासाठी लिलाव होणे आणि बोलीलाच गुणांचे माप ठरविणे, हे ते तीन बदल होत.

खेळाची चौकट : ब्रिज हा चार खेळाडूंचा खेळ असून समोरासमोर बसलेले दोघे एकमेकांचे भिडू असतात. प्रत्येकास तेरा पाने वाटली जातात. प्रत्येकाने एक याप्रमाणे चार पाने पडली, की एक दस्त पूर्ण होतो. मेंढीकोटसारखे खेळ खेळणारे आपल्याकडील लोक यालाच ‘हात’ म्हणतात. उतारीच्या रंगाचे पान जवळ असेल, तर तेच टाकावे लागते. नसेल तर हुकमाने मारता येते किंवा दुसऱ्या रंगाचे पान टाकता येते. प्रत्यक्ष खेळापूर्वी बोली होते. बोलीचा आकडा सहांच्या वरचे दस्त दर्शवितो. म्हणजे तीनची बोली करणाऱ्यास नऊ दस्त मिळवावे लागतात. हुकूम न ठेवता केलेल्या बोलीस बिनहुकमी बोली म्हणतात. बोली कायम झाल्यावर डिक्लेअररच्या डाव्या हाताचा खेळाडू पहिली उतारी करतो आणि त्यानंतर डमीची पाने टेबलावर मांडली जातात. तेथून पुढे दोन्ही हात डिक्लेअरर खेळतो. डमीचा खेळाडू डावाबद्दल काही सुचवू शकत नाही.

या क्षणी डिक्लेअररला सव्वीस पाने दिसत असतात व उरलेली सव्वीस दोन प्रतिस्पर्ध्यांत कशी विभागली आहेत, हे त्यास ठाऊक नसते. ती दोन हातांत १,०४,००,६०० प्रकारे विभागली जाऊ शकतात. पहिल्या उतारीचे पान उघड झाल्यावरही ५२,००,३०० शक्यता उरतात. त्या साऱ्या तपासणे मनुष्यास अशक्य असल्यामुळे त्यांतील कोणत्या विभागण्यांत आपली बोली पुरी होईल आणि कोणत्या विभागण्यांपासून सावध राहिले पाहिजे, एवढेच शोधणे म्हणजे आखणी होय.

व्हिस्टचा काळ : ब्रिजचा पूर्वज असलेला व्हिस्ट हा खेळ अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये प्रतिष्ठा पावला. एडमंड हॉइल यांनी १७४२ मध्ये त्यावर एक छोटी पुस्तिका प्रसिद्ध केली. विशिष्ट पाने भिडूजवळ असण्याचा संभव किती, याची गणिते तीत दिलेली असल्याने पत्त्यांच्या खेळास हिशेबाची बैठक देण्याच्या आरंभीच्या प्रयत्नांत तिची गणना होते. तथापि व्हिस्टमध्ये बोली नव्हती. वाटणाऱ्याचे अखेरचे पान उघडे करून त्याचा रंग हुकूम ठरविला जाई आणि चारही हात शेवटपर्यंत झाकलेले असत. खेळाडूला स्वतःची तेरा पानेच दिसत. त्यामुळे त्याचे कौशल्य मुख्यतः भिडूशी संकेतांनी बोलण्यात आणि पडलेली पाने स्मरणात ठेवण्यात असे. हेन्री जोन्स या इंग्रज डॉक्टरने ‘कॅव्हेंडिश’ या टोपणनावाने १८६२ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात उतारीचे संकेत पद्धतशीरपणे मांडले आणि व्हिस्टचा प्रमाण ग्रंथ म्हणून तो पुढे दीर्घकाळ मान्यता पावला.

त्या काळातील काही युक्त्यांची नावे ब्रिजमध्ये आजही टिकून आहेत. प्रतिस्पर्ध्याने राजाची उतारी केली असता एक्का व गुलाम जवळ असूनही तो दस्त सोडून देणे, म्हणजे ‘बाथ कूप’. भिडूच्या हातात प्रवेश मिळावा म्हणून स्वतःचे मोठे पान बळी देण्याच्या युक्तीस बुद्धिबळ व व्हिस्ट या दोन्ही खेळांत नावाजलेले फ्रेंच खेळाडू देशापेल यांचे नाव मिळाले. मात्र या सुट्या युक्त्या होत्या. दोन हातांची सव्वीस पाने एकाच बुद्धीने चालविण्याची सोय नसल्यामुळे सबंध डावाची योजना करण्यास व्हिस्टमध्ये फारसा वाव नव्हता. त्यास अपवाद होता तो चारही हात उघडे ठेवून घातलेल्या कोड्यांचा. केंब्रिजचे गणिती विल्यम व्हिटफेल्ड यांनी १८८५ मध्ये प्रसिद्ध केलेले सहा पानांचे कोडे विशेष गाजले. सर्व पाने दिसत असतानाही योग्य क्रम शोधणे किती कठीण असते, हे त्या कोड्याने दाखवून दिले.

डमीचा उदय : पूर्व भूमध्य समुद्राच्या परिसरात आणि इस्तंबूलमधील यूरोपीय वसाहतीत व्हिस्टचा एक नवा प्रकार एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाला होता. ‘बिरिच’ अथवा ‘रशियन व्हिस्ट’ या नावाने त्याचे नियम सांगणारी जॉन कॉलिन्सन यांची पुस्तिका लंडन येथे १८८६ मध्ये निघाली. या प्रकारात हुकूम कोणता हे वाटणारा किंवा त्याचा भिडू सांगे, बिनहुकमी खेळण्याची मुभा असे आणि मुख्य म्हणजे वाटणाऱ्याच्या भिडूची पाने टेबलावर उघडी मांडली जात. लंडनच्या पोर्टलंड क्लबमध्ये १८९४ मध्ये हा खेळ आला आणि थोड्याच वर्षांत व्हिस्ट मागे पडला.

उघड्या हाताने खेळाचे स्वरूपच पालटले. एका बाजूचे बलाबल तिच्या खेळाडूस पूर्णपणे कळू लागले. आपल्या दोन्ही हातांत मिळून एखाद्या रंगाची किती पाने आहेत, कोणती मोठी पाने नाहीत, एका हातातून दुसऱ्या हातात जाण्याची वाट कोणती, हे प्रश्न प्रथमच नेमकेपणाने विचारता येऊ लागले. भिडूशी संकेतांनी बोलण्याची कला बचाव करणाऱ्या जोडीकडे गेली व डिक्लेअररकडे शुद्ध योजनेचे काम आले. जुन्या धाटणीच्या काही व्हिस्टपटूंना उघडा हात हा खेळातील गूढतेचा भंग वाटला. परंतु अज्ञान निम्म्यावर आल्यामुळेच उरलेल्या अज्ञाताविषयी तर्क करणे शक्य झाले, ही गोष्ट लवकरच स्पष्ट झाली.

लिलावापासून ठरावापर्यंत : दुसरा बदल लिलावाचा होता. ऑक्शन ब्रिज या नावाने ओळखला जाणारा हा प्रकार विसाव्या शतकाच्या प्रारंभी पुढे आला. हिंदुस्थानातील एका दूरच्या ठाण्यावर चौथा गडी मिळेना, म्हणून तिघा इंग्रज मुलकी अधिकाऱ्यांनी उघड्या हातासाठी आपसांत लिलाव करण्याची पद्धत काढली, अशी त्याची उत्पत्ती सांगितली जाते. लिलावामुळे डिक्लेअररला आणखी एक साधन मिळाले. प्रतिस्पर्ध्यांनी कोणत्या रंगाची बोली केली आणि कोणती करण्याचे टाळले, यावरून न दिसणाऱ्या पानांचा अंदाज बांधता येऊ लागला.

ऑक्शन ब्रिजमध्ये एक उणीव मात्र होती. लहान बोली करून अधिक दस्त मिळविले, तरी ते सर्व गेमच्या गुणांत धरले जात. त्यामुळे बोली शक्य तितकी खाली ठेवावी व खेळताना मिळतील तितके दस्त ओढावेत, हेच शहाणपणाचे ठरे. फ्रान्समधील ‘प्लाफाँ’ या प्रकारात बोललेल्या दस्तांचेच गुण गेमसाठी धरीत. अमेरिकन उद्योगपती हॅरल्ड व्हँडरबिल्ट यांनी हे तत्त्व घेऊन १९२५ च्या शरद ऋतूत लॉस अँजेल्सहून पनामा कालव्यामार्गे हॅव्हानाकडे जाणाऱ्या ‘फिनलंड’ या जहाजावर नवी गुणपद्धती तयार केली. तीत बोललेल्या दस्तांनाच गेमचे गुण, मोठ्या बोलीला बक्षीस आणि बोली फसल्यास जबर दंड अशी योजना होती. गेम जिंकलेल्या पक्षास अधिक दंड देण्याची तरतूदही तीत होती. हाच कॉन्ट्रॅक्ट ब्रिज होय. थोड्याच वर्षांत त्याने ऑक्शन ब्रिजला हटविले.

या बदलाने आखणीला निश्चित लक्ष्य मिळाले. शक्य तितके दस्त मिळविणे हा हेतू राहिला नाही. नऊ बोललो तर नऊ मिळवावयाचे, हा ठराव झाला. दहाव्या दस्ताचा लाभ किरकोळ आणि नववा गमावण्याची हानी मोठी, असे विषम माप हाती आल्यामुळे ‘किती मिळतील’ या प्रश्नाची जागा ‘काय घडले तर बोली बुडेल’ या प्रश्नाने घेतली. फसलेल्या बोलीचा ताण खेळाडूंच्या मनावर किती येऊ शके, याचे टोकाचे उदाहरण १९२९ मध्ये अमेरिकेतील कॅनझस सिटी येथे घडले. इस्पिक चारची बोली बुडाल्यावरून झालेल्या भांडणात एका गृहिणीने भिडू असलेल्या आपल्या पतीस गोळी घातली. पुढे न्यायालयात ती निर्दोष ठरली, तरी त्या डावाची चर्चा वृत्तपत्रांतून व ब्रिजच्या टेबलांवर कित्येक वर्षे चालू राहिली.

आखणीची रीत : एली कल्बर्टसन व सिडनी लेन्झ यांच्या जोड्यांमध्ये न्यूयॉर्क येथे १९३१-३२ च्या हिवाळ्यात १५० रबरांचा सामना झाला. कल्बर्टसन यांच्या बाजूने तो ८,९८० गुणांनी जिंकला. या सामन्याने कॉन्ट्रॅक्ट ब्रिज घरोघरी पोहोचला. तथापि प्रसिद्धीचा सारा झोत बोलीच्या पद्धतींवर होता. खेळण्याच्या अंगाची सोप्याकडून कठिणाकडे जाणारी, सुसंगत मांडणी लुई वॉटसन यांनी १९३४ च्या आपल्या ग्रंथात केली. तो ग्रंथ पुढे सुधारित स्वरूपात अनेक दशके अभ्यासिला गेला. इंग्लंडमध्ये टेरेन्स रीझ यांनी १९४७ मधील व १९५८ मधील आपल्या पुस्तकांतून तंत्रापेक्षा तर्कावर, म्हणजे प्रतिस्पर्ध्याने एखादे पान का खेळले किंवा का खेळले नाही यावर, भर दिला.

या लेखकांच्या विवेचनातून आखणीची जी रीत सर्वमान्य झाली, तिच्या पायऱ्या अशा : (१) बिनहुकमी बोलीत हमखास मिळणारे दस्त आणि हुकमाच्या बोलीत बहुधा जाणारे दस्त मोजणे, (२) उणे पडणारे दस्त कोणत्या रंगातून उभे करता येतील, हे पाहणे, (३) त्यासाठी प्रतिपक्षास किती वेळा उतारी द्यावी लागेल व तेवढ्या अवधीत तो काय करू शकेल, याचा अंदाज घेणे, (४) दोन प्रतिस्पर्ध्यांपैकी कोणाच्या हाती उतारी गेली असता धोका आहे, हे ठरविणे, (५) दोन्ही हातांतील प्रवेशाची पाने जपणे. हुकमाच्या बोलीत आणखी एक निर्णय घ्यावा लागतो. प्रतिपक्षाचे हुकूम लगेच ओढून घ्यावेत, की डमीच्या हुकमांनी आधी आपली जाणारी पाने मारून घ्यावीत, हा तो निर्णय. यांतील कोणतीही पायरी अवघड नाही; अवघड असते ते या साऱ्यांचा मेळ पहिल्या पानापूर्वी घालणे.

एका डावाचे उदाहरण : दक्षिणेस बसलेल्या डिक्लेअररची बिनहुकमी तीनची बोली आहे, असे समजू. दोन्ही हात पुढीलप्रमाणे आहेत :

उत्तर, म्हणजे डमी — इस्पिक : ७, २, बदाम : राजा, ८, ४, चौकट : एक्का, गुलाम, ९, ८, ५, किल्वर : ८, ७, ३.

दक्षिण, म्हणजे डिक्लेअरर — इस्पिक : एक्का, ८, ३, बदाम : एक्का, राणी, ६, चौकट : राणी, १०, ४, किल्वर : एक्का, राजा, ५, २.

पश्चिमेने इस्पिकच्या राजाची उतारी केली आहे. हमखास दस्त मोजता इस्पिकचा एक, बदामचे तीन, चौकटचा एक आणि किल्वरचे दोन असे सात होतात. दोन उणे आहेत. ते चौकटमधून मिळू शकतात, कारण त्या रंगात प्रतिपक्षाजवळ मोठे पान एकच आहे, ते म्हणजे राजा. दक्षिणेकडून राणी खेळावी आणि पश्चिमेने राजा न टाकल्यास डमीचे लहान पान द्यावे. मोठे पान मधल्या खेळाडूकडे असल्यास ते निष्प्रभ करण्याच्या या पद्धतीस ‘फिनेस’ म्हणतात. राजा पश्चिमेकडे असला, तर काहीच गमवावे लागत नाही. तो पूर्वेकडे असला, तर एक दस्त जातो, पण उरलेल्या चौकटी मोकळ्या होतात. म्हणजे राजा कोठेही असला, तरी पुरेसे दस्त आहेत. प्रश्न फक्त इस्पिकचा आहे.

प्रतिपक्षाजवळ इस्पिकची आठ पाने आहेत. ती पश्चिमेकडे पाच व पूर्वेकडे तीन असावीत, असे धरू. डिक्लेअररने पहिल्याच दस्तावर एक्का टाकला आणि पुढे पूर्वेने चौकटच्या राजाने दस्त जिंकला, तर तो इस्पिक परत करील. पश्चिम इस्पिकचे चार दस्त करील आणि राजाचा एक धरून पाच दस्त गेल्यामुळे बोली एका दस्ताने बुडेल. त्याऐवजी डिक्लेअररने पहिले दोन दस्त सोडून दिले व एक्का तिसऱ्या फेरीस टाकला, तर पूर्वेकडील इस्पिके संपतात. मग चौकटचा राजा पूर्वेने जिंकला, तरी त्याच्याजवळ भिडूला देण्यास इस्पिक उरत नाही. इस्पिकचे दोन आणि चौकटचा एक असे तीनच दस्त जाऊन डिक्लेअररला दहा मिळतात. इस्पिके चार-चार असतील, तर पूर्वेजवळ चौथे इस्पिक राहील. परंतु त्या रंगात एकूण तीनच दस्त जातील आणि नऊ दस्तांची बोली पुरी होईल.

या डावात कोणतीही दुर्मिळ युक्ती नाही. एक्का राखून ठेवण्याचे तंत्र नवशिक्यासही शिकविले जाते. तरीही घाईने एक्का टाकणारा खेळाडू बोली गमावतो आणि नंतर चौकटचा राजा नको तेथे निघाला म्हणून दैवाला दोष देतो. वास्तविक बोलीचा निकाल राजाच्या जागेने लागला नसून पहिल्या पानाने लागलेला असतो.

खबरदारीचा खेळ : निश्चित लक्ष्यामुळे ज्या तंत्रांना नवे महत्त्व आले, त्यांत खबरदारीच्या खेळाचे स्थान मोठे आहे. एखाद्या रंगात डमीजवळ राजा, १०, ५, ३ आणि डिक्लेअररजवळ एक्का, ९, ७, ४, २ अशी पाने आहेत. राणी, गुलाम, ८ व ६ ही चार पाने प्रतिपक्षाकडे आहेत. या रंगात एक दस्त गेला तरी चालेल, दोन मात्र जाता कामा नयेत, अशी स्थिती आहे. एक्का व राजा लागोपाठ खेळले, तर पाने दोन-दोन विभागली असता एकही दस्त जात नाही. पण चारही पाने एकाच हातात असल्यास दोन दस्त जातात. त्याऐवजी डिक्लेअररने आपल्या हातातून दुर्री खेळावी व पश्चिमेने लहान पान टाकल्यास डमीची दश्शी लावावी. ती पूर्वेने मारली, तर दोघांनीही रंग दिलेला असल्याने उरलेली दोन पाने एक्का-राजाखाली पडतात. पश्चिमेकडे रंगच नसेल, तर डमीचा राजा घेऊन तेथून पूर्वेच्या पानांवर चाल करता येते. कोणत्याही विभागणीत एकापेक्षा अधिक दस्त जात नाही. चारही पाने एका हातात असण्याचा संभव सु. ९·६ टक्केच असतो. तेवढ्या संकटासाठी येथे एक संभाव्य दस्त विम्याच्या हप्त्यासारखा दिला जातो.

हाच विमा सर्वत्र परवडत नाही. एकच डाव अनेक टेबलांवर खेळवून निकालांची तुलना करण्याच्या पद्धतीस डुप्लिकेट म्हणतात. पानांच्या वाटणीतील दैव वगळून कौशल्य पारखण्यासाठी व्हिस्टच्या काळातच, १८५७ मध्ये लंडन येथे असा एक प्रयोग झाला होता. डुप्लिकेटच्या ज्या प्रकारात प्रत्येक टेबलाशी स्वतंत्र तुलना होते, तेथे एका जादा दस्तानेही क्रमांक बदलू शकतो. त्यामुळे तेथील डिक्लेअररला खबरदारी व लोभ यांचा वेगळा हिशेब करावा लागतो. आखणी पानांइतकीच गुणपद्धतीवरही अवलंबून असते, हे यावरून दिसून येईल.

संभाव्यतेचा आधार : पानांच्या विभागणीचे गणित फ्रेंच गणिती एमील बॉरेल व आंद्रे शेराँ यांनी १९४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात सविस्तर मांडले. प्रतिपक्षाजवळ एखाद्या रंगाची पाच पाने असल्यास ती तीन-दोन विभागली जाण्याचा संभव सु. ६८ टक्के असतो. सहा पाने असल्यास तीन-तीन विभागणीचा संभव सु. ३५·५ टक्के व चार-दोन विभागणीचा सु. ४८·५ टक्के असतो. या आकड्यांचा खरा उपयोग दोन संधी एकामागून एक साधण्यात होतो. तीन-तीन विभागणीची चाचणी आधी घेतली व ती फसल्यावरही फिनेसची वाट मोकळी राहिली, तर यशाचा एकूण संभव दोन-तृतीयांशापर्यंत जातो. क्रम उलटा केला आणि फिनेस फसताच बोली बुडत असेल, तर तो संभव निम्म्यावरच राहतो. संधी त्याच असतात. त्यांच्या क्रमाने फरक पडतो.

ॲलन ट्रसकॉट व टेरेन्स रीझ यांनी पुढे आणलेले ‘मर्यादित निवडी’चे तत्त्वही असेच उद्बोधक आहे. डमीजवळ एक्का, राजा, १०, ९, ४ आणि डिक्लेअररजवळ ८, ५, ३, २ अशी पाने असून एक्का खेळताच पूर्वेकडून राणी पडली. गुलाम आता कोठे असावा? पूर्वेजवळ राणी व गुलाम दोन्ही असते, तर त्याला दोहोंपैकी कोणतेही टाकता आले असते. राणी एकटीच असती, तर निवडीस वाव नव्हता. म्हणून गुलाम पश्चिमेकडे असण्याचा संभव जवळजवळ दुप्पट ठरतो आणि पुढील फेरीस दश्शीचा फिनेस करणे हितकर असते. प्रतिस्पर्ध्याने काय टाकले एवढेच पाहून भागत नाही. त्याला दुसरे काय टाकता आले असते, हेही पाहावे लागते.

स्क्वीझ : आखणीचे सर्वांत प्रगत अंग म्हणजे स्क्वीझ, अर्थात प्रतिस्पर्ध्यास उपयोगाचे पान टाकावयास भाग पाडणे. शेवटची तीन पाने उरली असताना डमीजवळ इस्पिकचा एक्का व गुलाम आणि बदामचा राजा आहे. डिक्लेअररजवळ किल्वरचा एक्का आणि इस्पिक व बदामचे एकेक लहान पान आहे. पश्चिमेजवळ इस्पिकचा राजा व राणी आणि बदामचा एक्का आहे. डिक्लेअररने किल्वरचा एक्का खेळला, की पश्चिमेची कोंडी होते. त्याने बदामचा एक्का टाकला, तर डमीचा राजा मोठा होतो. इस्पिक टाकले, तर डमीचा गुलाम मोठा होतो. डमीतून अनावश्यक ठरलेले पान टाकून डिक्लेअरर तिन्ही दस्त घेतो.

अशा कोंडीसाठी कोणत्या अटी पुऱ्या व्हाव्या लागतात, याचे वर्गीकरण मिशिगन विद्यापीठातील गणिताचे प्राध्यापक क्लाइड लव्ह यांनी १९५९ च्या आपल्या ग्रंथात केले. हंगेरियन कादंबरीकार गेझा ओटलिक यांनी ह्यू केल्सी यांच्या सहकार्याने १९७९ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात तोवर अज्ञात असलेल्या अनेक अंतिम स्थिती वर्णिल्या आणि खेळाच्या या अंगाची सीमा आणखी पुढे नेली.

यंत्रांची आखणी : ब्रिजमधील अपुऱ्या माहितीमुळे संगणकांना हा खेळ बुद्धिबळापेक्षा वेगळ्या रीतीने कठीण गेला. मॅथ्यू गिन्सबर्ग यांनी तयार केलेली ‘जिब’ ही प्रणाली बोलीशी व पडलेल्या पानांशी जुळणाऱ्या अनेक काल्पनिक विभागण्या करून त्यांतील प्रत्येक डाव सर्व पाने उघडी असल्याप्रमाणे सोडवीत असे आणि सरासरीने उत्तम ठरणारे पान निवडीत असे. १९९८ मध्ये लील येथे झालेल्या डाव सोडविण्याच्या जागतिक स्पर्धेत निवडक खेळाडूंमध्ये तिने बारावे स्थान मिळविले. या रीतीत एक मूलभूत दोष होता. प्रत्येक काल्पनिक डावात पुढे सर्व काही कळणारच आहे, असे ती गृहीत धरीत असल्यामुळे निर्णय पुढे ढकलण्याकडे आणि माहिती मिळविण्यासाठी मुद्दाम काही न करण्याकडे तिचा कल असे.

पॅरिस येथे मार्च २०२२ मध्ये ‘नूक’ या फ्रेंच प्रणालीने आठ जगज्जेत्या खेळाडूंवर मात केली. दहा-दहा डावांच्या ८० गटांपैकी ६७ गटांत ती सरस ठरली. तथापि या सामन्यात बोली नव्हती. सर्व डाव बिनहुकमी तीनचे होते आणि बचावासाठी दोन्ही बाजूंस संगणकच होते. म्हणजे बोलीतून मिळणारी माहिती व भिडूशी करावयाचा संवाद वगळून, केवळ डिक्लेअररच्या आखणीची ही परीक्षा होती. खेळाच्या या एका भागात मनुष्य मागे पडू शकतो हे त्यातून दिसले. संपूर्ण खेळाचा निर्णय त्यातून लागला नाही.

दैव आणि कौशल्य : पत्त्यांचा खेळ म्हणजे जुगार, ही समजूत आपल्या समाजात खोलवर रुजलेली आहे. ब्रिजच्या आखणीचा इतिहास तिला उत्तर देतो आणि कायद्यातही या प्रश्नाचे प्रतिबिंब पडलेले आहे. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये आंध्र प्रदेश राज्य विरुद्ध के. सत्यनारायण या खटल्यात रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ असल्याचा निर्णय देताना, त्यातील दैवाचा भाग ब्रिजमधील पानांच्या वाटणीत असणाऱ्या दैवाच्याच जातीचा आहे, अशी तुलना केली. याउलट, २०१७ मध्ये यूरोपीय न्यायालयाने करसवलतीच्या संदर्भात, शारीरिक अंग नगण्य असल्यामुळे ब्रिज ‘क्रीडा’ या संज्ञेत बसत नाही, असे ठरविले. त्याच्या पुढल्याच वर्षी जाकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धांत ब्रिजचा समावेश झाला व पुरुषांच्या जोडीस्पर्धेत प्रणब बर्धन व शिवनाथ सरकार या भारतीय जोडीने सुवर्णपदक जिंकले.

या निर्णयांचे संदर्भ भिन्न असले, तरी ब्रिजमधील दैवाची जागा निश्चित सांगता येते. पाने वाटून झाली, की दैवाचे काम संपते. त्यापुढे अज्ञात असते ते केवळ खेळाडूच्या दृष्टीने; टेबलावर ते आधीच ठरून गेलेले असते. व्हिस्टच्या खेळाडूला ते अज्ञात संकेतांनी चाचपावे लागे. उघड्या हाताने ते निम्म्यावर आणले, लिलावाने त्याविषयी साक्षीपुरावा दिला आणि कॉन्ट्रॅक्टने त्यातून नेमके किती मिळवावयाचे हे आधी सांगण्याची जबाबदारी खेळाडूवर टाकली. डमीची पाने उघडी झाल्यावर चांगला डिक्लेअरर पहिले पान उचलण्यापूर्वी जी क्षणभर शांतता पाळतो, तीत हा सारा इतिहास सामावलेला असतो.